बाई, साचा येगळा हाय!



आज पाठाची टाचणं नाहीत की स्वाध्यायही नाही. आज माझ्या एका फसलेल्या कामाबद्दल लिहिते आहे. काम संगणकाचं होतं, पण त्यातून मला जे शिकायला मिळालं ते वर्गातलं आहे, म्हणून इथे सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. पुणे जिल्ह्यातलं नदीकाठचं गाव. शाळेत एकच संगणक. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो, त्याच्या ऑफिसने जुने संगणक काढून टाकले तेव्हा त्याने एक आमच्यासाठी मागून आणला. अशी यंत्रं तुमच्याही शाळेत असतील. मोठमोठी ऑफिसं ती शेकड्याने घेतात, वॉरंटी संपली की काही वर्षांत बदलून टाकतात. यंत्र मात्र चांगलं दणकट असतं. आमचंही होतं. गोष्टी, गाणी, नकाशे, शनिवारचे चित्रपट, सगळं त्याच्यावर.

बिघडला होता तो त्याचा डबा. आपण ज्याला सरसकट "सीपीयू" म्हणतो ना, तो खरं तर नुसता लोखंडी डबा, म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू आत असतो, काड्यापेटीपेक्षाही लहान चौकोनी तुकडा. तर या डब्याच्या मागची एक पट्टी हरवली होती. त्या फटीतून पावसाळ्यात उंदीर आत शिरला. कागदाचे तुकडे, भाताची टरफलं, सगळा संसार थाटला होता त्याने. तळाला गंज चढलेला. सुरू करायचं बटण आत गेलेलं, ते पेनाच्या टोकाने दाबावं लागायचं.

मी ठरवलं, आतलं सामान तेच ठेवायचं आणि डबा नवा घ्यायचा. एका बाजूला पारदर्शक काच असलेला, म्हणजे मुलांना संगणकाचे भाग पुस्तकातल्या चित्रात न बघता समोर दिसतील. खरं सांगते, यात थोडी माझी हौसही होती. मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले होते. चार स्क्रू काढायचे, इकडचं तिकडे लावायचं, झालं. गावात एक-दोघं म्हणालेही, "बाईंना जमंल का? मेकॅनिकला बोलवा की." त्यामुळे तर मी जास्तच हट्टाला पेटले.

पालकसभेत विषय मांडला. पन्नास, शंभर अशी वर्गणी जमली. वीटभट्टीवरच्या पालकांकडे मी मागितलीच नव्हती. दिवाळीनंतर दरवर्षी चार-सहा कुटुंबं भट्टीवर येतात, पाऊस लागायच्या आधी परत जातात. त्यांच्यातलीच एक मुलगी डिसेंबरात चौथीत आली होती. मराठवाड्यातून आलेली. नाव सांगत नाही. महिनाभर वर्गात तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायची. का, ते मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी तिने "हाय बाई" म्हणून हजेरी दिली आणि अख्खा वर्ग हसला होता. तर त्या मुलीने वर्गणीच्या दुसऱ्या दिवशी घामाने मऊ झालेली वीस रुपयांची नोट आणून माझ्या टेबलावर ठेवली. आईने दिली म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. मी वहीत तिच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि पुढे 20 रुपये.

एकूण 2,500 जमले. तालुक्याच्या गावी जाऊन 2,200 रुपयांचा डबा घेतला, त्यात वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, बसवलेलीच होती. दुकानदाराने विचारलं होतं, "मॅडम, बोर्ड कुठला आहे?" मी म्हणाले, "साधाच हो, ऑफिसचा." चूक तिथेच झाली, आणि ती त्याची नव्हती.

शनिवारचा तास

जानेवारीतला आनंददायी शनिवार. तिसरी-चौथीची मुलं सतरंजीवर गोल करून बसली. सुरुवात मी अगदी व्यवस्थित केली. प्लग काढला. प्लग काढल्यावरही बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पत्र्याला हात लावून घेतला, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मुलांनी केलेला होता, त्यामुळे हे त्यांना लगेच कळलं. स्क्रू ठेवायला घरून इडलीपात्र नेलं होतं. एका खळग्यात एका भागाचे स्क्रू. प्रत्येक पायरीला एक मुलगा माझ्या मोबाईलवर फोटो काढत होता. (हे दोन उपाय तुम्हीही कराच. पुढे मला तेच उपयोगी पडले.)

रॅमची पट्टी निघाली, हार्ड डिस्क निघाली. मुलं नावं पाठ म्हणत होती. मी खुशीत.

मग अडायला लागलं.

सीपीयूवर उष्णता शोषून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखा असतो. त्याचे चार स्क्रू मी सोडवले तेव्हा लक्षात आलं की ते बोर्डातून आरपार जाऊन थेट जुन्या डब्याच्या तळाला आवळलेले होते. नव्या डब्यात त्या जागी त्यांना धरायला काहीच नाही! मी मनात म्हटलं, बघू नंतर. बोर्ड उचलून नव्या डब्यात ठेवला. बोर्डाखाली छोटे पितळी खांब असतात, बोर्ड त्यांच्यावर टेकतो. काही भोकं जुळली, बाकीची खांबावरून सरकलेली. नको त्या जागी खांब राहिला तर तो बोर्डाला खालून टेकतो आणि शॉर्ट सर्किट होऊ शकतं. तेवढं मला माहीत होतं, म्हणून ते खांब काढून टाकले. बोर्ड एका बाजूने अधांतरी राहिला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, साचा येगळा हाय. मापलं न्हवतं का?"

सगळी मुलं वळून बघायला लागली. ती बोलली होती. महिनाभरातलं तिचं पहिलं वाक्य, आणि तेही प्रश्न.

आता मी काय करायला हवं होतं, ते डी.एड.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मी काय केलं ते सांगते. मला घाम फुटला होता, पंचवीस मुलं बघत होती, खिडकीत दोन पालक उभे होते. मी म्हणाले, "गप्प बस गं. मोठी माणसं काम करत असताना मध्ये बोलू नये. बसतंय ते."

आणि ते बसतंय हे दाखवायला मी नव्या एसएमपीएसचा मोठा प्लग बोर्डाच्या जागेत दाबला. प्लगला 24 पिनांची घरं, बोर्डावर जागा 8 पिनांची. "कट्" असा आवाज आला. बोर्डावरच्या सॉकेटची प्लास्टिकची कडी तुटली.

नशीब, एवढ्यावरच थांबले. घंटा झाली, मुलं घरी गेली. संगणक सतरंजीवर तुकड्यातुकड्यांत पडलेला, आणि मी त्याच्याशेजारी. त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही, मापलं नव्हतं" एवढंच होतं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात मी चौथीला मापन शिकवत होते. "आधी अंदाज, मग मोजमाप, मग काम." फळ्याच्या कोपऱ्यात ते वाक्य अजून तसंच होतं.

भट्टीवर

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. माझ्या मनाला टोचणी लागली. बुधवारी शाळा सुटल्यावर मी भट्टीवर गेले.

तर तिच्या धाकट्या भावाला ताप होता, आणि आई-वडील कामावर म्हणून ती घरी थांबली होती. माझ्या रागावण्याचा तिच्या गैरहजेरीशी काही संबंध नव्हता. आपण शिक्षक स्वतःला जरा जास्तच महत्त्व देतो! तरी मी तिला म्हटलं, "शनिवारी तू बरोबर बोललीस. मी मापलं नव्हतं. माझं चुकलं, आणि तुला गप्प बस म्हटलं तेही चुकलं." ती खाली बघत पायाने माती उकरत राहिली.

मग मी विचारलं, "साचा वेगळा आहे, हे तुला कसं कळलं गं?"

त्यावर जे घडलं ते मी विसरणार नाही. ती उठली, लाकडी साचा घेऊन आली. शेजारी एक भाजलेली वीट ठेवली. वीट साच्यापेक्षा चांगली लहान. म्हणाली, "ओली ईट मोठी आसती. वाळली की आटती, भाजली की आजून आटती. म्हून साचा मोठा करत्यात." मग तिने सांगितलं की गेल्या साली ज्या भट्टीवर होते तिथला साचा वेगळा होता, तिथल्या विटा इथल्या थप्पीत लावल्या तर थर वाकडा जातो. "वरून दोनी ईटा सारख्याच दिसत्यात, बाई. थप्पीत कळतं."

मी दोन महिने या मुलीला "मापनात कच्ची" धरून चालले होते. कारण तिने वहीत सेंटिमीटरचं मिलिमीटर केलेलं नव्हतं. आणि इथे ती मला आकुंचन शिकवत होती, तेही साचा हातात धरून.

तक्ता

भावाचा ताप उतरल्यावर ती शुक्रवारी आली. शनिवारी पुन्हा तेच सामान सतरंजीवर मांडलं. सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "मागच्या शनिवारी बाईंची चूक झाली. न मोजता काम केलं. हिने विचारलं, तर तिलाच रागावले. आज आधी मोजायचं, आणि मोजणी ही करणार." एक मुलगा चटकन म्हणाला, "म्हंजे बाई पन चुकत्यात?" "चुकतात की," मी म्हणाले.

फळ्यावर तक्ता आखला. भाग, जुन्या डब्यात कसा, नव्यात कसा, जुळतो का. मुलांनी पट्टीने मोजून, पिना मोजून भरला. तुमच्यापैकी कुणी ऑफिसचा जुना संगणक नव्या डब्यात हलवायचं मनात आणलं असेल, तर हा तक्ता आधी करा, स्क्रू नंतर काढा:

1. बोर्डाचा आकार आणि भोकं. बाजारातले डबे ठरावीक मापांसाठी असतात. एटीएक्स बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स 244 बाय 244. ऑफिसच्या तयार संगणकाचा बोर्ड कंपनी स्वतःच्या डब्यासाठी बनवते. आकार जवळपास तोच वाटला तरी भोकांच्या जागा बघाव्या लागतात.

2. विजेचा प्लग. नेहमीच्या बोर्डाला 24 पिनांचा. आमच्याला 8 पिनांचा, आणि हार्ड डिस्कला वीजही बोर्डावरूनच जाणारी. 24 ची 8 करणारी जोडवायर पुण्यात तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी किंवा ऑनलाइन मिळते. पण सावध! दोन कंपन्यांचे प्लग दिसायला सारखे असले तरी कुठल्या पिनेत कुठली वीज हे वेगळं असू शकतं. जोडवायर आपल्या मॉडेलचीच हवी, नाहीतर बोर्ड जळेल.

3. समोरचं बटण. नव्या डब्याच्या बटणाला, दिव्याला सुट्या बारीक वायरी असतात. आमच्या बोर्डावर सगळ्यांसाठी मिळून एकच वेगळ्या आकाराची जागा. म्हणजे जुनं बटण वायरीसकट न्यावं लागणार.

4. उष्णतेचा ठोकळा. तो बोर्डावर धरलेला आहे की डब्याला आवळलेला? डब्याला असेल तर बोर्डामागे लावायची वेगळी आधारपट्टी हवी.

5. मागची पट्टी. माऊस, कीबोर्ड, पडदा यांच्या जागा जिच्यातून बाहेर येतात ती पट्टी आमच्या जुन्या डब्याच्याच पत्र्यात कापलेली होती. नव्या डब्यात तिथे मोठं चौकोनी भोक राहतं. (उंदरासाठी दरवाजाच!)

6. डब्याचा पंखा. अशी काही यंत्रं सुरू होताना आपला ठरलेला पंखा जागेवर आहे का ते तपासतात. नसेल तर दर वेळी पडद्यावर सूचना येते आणि कळ दाबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

सहापैकी एकही रकाना "जुळतो" असा भरला गेला नाही. मग मुलांना विचारलं, आता काय करायचं? जोडवायर, आधारपट्टी असा सगळा खर्च मांडला. तो हजाराच्या पुढे जात होता. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "जुना डबाच नीट करू की. साचा त्येचाच हाय."

तसंच केलं. जुना डबा मुलांनी घासला, गंजावर लाल ऑक्साईड लावला. मागच्या फटीवर बारीक जाळी स्क्रूने बसवली. आत गेलेलं बटण मागून रबराचा तुकडा लावून वर आणलं. सीपीयूवरची वाळलेली राखाडी पेस्ट कापसाने पुसून नवी लावली, कारण ठोकळा एकदा उचलला की जुनी पेस्ट कामाची राहत नाही. शनिवारी काढलेले फोटो उलट्या क्रमाने बघत एकेक भाग जागेवर गेला. इडलीपात्रात एकही स्क्रू उरला नाही. जुना 8 पिनांचा प्लग कडी तुटलेली असूनही घट्ट बसला, तरी सुटू नये म्हणून वायर बाजूला बांधून घेतली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. काय ओरडली मुलं! एकूण खर्च 260 रुपये.

नवा डबा दुकानदाराने 300 रुपये कापून परत घेतला. पुढच्या पालकसभेत मी वही घेऊन उभी राहिले आणि हिशोब जसाच्या तसा वाचला. न मोजता खरेदी केली, 300 रुपये बुडाले, ते मी माझ्या पगारातून भरले. 260 खर्च, बाकी 2,240 शिल्लक. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, "बाई, बैलाला जू मापूनच करावं लागतं." सगळे हसले, मीही हसले. शिल्लक पैशांतून मोजपट्ट्या, टेप, तराजू घ्यायचं ठरलं.

आता तुम्हाला विचारते

वर्गात येणारं प्रत्येक मूल कुठल्या तरी डब्यातून काढून आपल्या डब्यात ठेवलेलं असतं. भट्टीवरून आलेलं, बदलीच्या गावातून आलेलं, घरी वेगळी बोली बोलणारं. एखादी पिन जुळली नाही की आपण जोर लावतो आणि "कट्" असा आवाज आला की मूल कच्चं आहे म्हणतो. पालकांनाही हेच म्हणेन. शेजारच्या मुलाला जे जमतं ते आपल्याला का जमत नाही, असं त्याला विचारण्याआधी एकदा मापून बघा.

ती मुलगी आता वर्गात बोलते. हजेरीला मोठ्याने "हाय बाई" म्हणते, आणि गंमत म्हणजे आता बाकीची चार-पाच मुलंही तसंच म्हणतात. पाऊस लागायच्या आधी ती परत जाईल. स्थलांतर करणाऱ्या मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतो, तिलाही देणार आहे. त्या कार्डावर ती काय शिकली याच्या खुणा असतील. सोबत एक चिठ्ठीही जोडणार आहे, तिच्या पुढच्या शिक्षकांसाठी. चिठ्ठी लिहून ठेवली आहे:

"मापनात हुशार आहे. वहीत नाही, हातात बघा. प्रश्न विचारते. विचारू द्या."